‘सरपंचबाई’ : एका प्रतिमेची चिकित्सा

(१)

मराठी वाचकाला सरपंचबाई परिचित आहे, पण ती हसण्यावारी नेलेली. वगातील बतावणी असो, ग्रामीण विनोदी कथा असो, चित्रपट असो की वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतील स्फुट असो, तिचे रूप ठरलेले असते. डोक्यावर पदर, हातात पेन आणि खुर्चीमागे उभा असलेला नवरा. सभेत कुणी प्रश्न विचारला की बाई नवऱ्याकडे पाहते आणि प्रेक्षक हसतो. या हास्याच्या सोबतीने ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला. आज तो इतका रुळला आहे की शासकीय चर्चेतही तो बिनदिक्कत वापरला जातो.

या प्रतिमेच्या शेजारी दुसरी एक प्रतिमा उभी आहे. ती यशोगाथेतील. शाल, श्रीफळ, पुरस्काराचा फलक, झाडलेले रस्ते, बचत गट आणि मागे हसणारे अधिकारी. या सरपंचबाईला कर्तृत्व असते, पण जात नसते. तिला जमीन आहे की ती दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते, तिचे घर गावात आहे की गावाबाहेर, हे यशोगाथा कधी सांगत नाही.

वरवर पाहता या दोन प्रतिमा परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्या एकाच दृष्टीतून जन्मल्या आहेत. पहिलीत स्त्री ही कायद्याने आणून बसवलेली बाहुली आहे. दुसरीत ती अहिल्येप्रमाणे शिळा होऊन पडलेली होती आणि रामाच्या पायाऐवजी कायद्याचा स्पर्श होताच जागी झाली. दोन्हीकडे तिला इतिहास नाही. कायदा येण्यापूर्वी ती सार्वजनिक जीवनात नव्हतीच, हे दोन्हीकडे गृहीत धरलेले आहे. दलित स्त्रीच्या बाबतीत हे गृहीतक सरळसरळ खोटे आहे. त्याची चिकित्सा करणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे, कारण प्रतिमा ही केवळ वाङ्मयीन बाब नसते. खुर्चीवर बसलेल्या बाईला गाव कोणत्या नजरेने पाहणार, हे ती आधीच ठरवून टाकते.

(२)

प्रथम इतिहास पाहू. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. महाराष्ट्राने १९९० मध्येच ३० टक्के जागा राखीव केल्या होत्या आणि २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. स्त्रियांच्या राजकीय प्रतिनिधित्वाची कथा सर्वसाधारणपणे येथून सांगितली जाते. फार झाले तर बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालापर्यंत आणि त्यातील स्त्री सदस्य स्वीकृत करून घेण्याच्या शिफारशीपर्यंत आपण मागे जातो.

परंतु त्याही पूर्वी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, कामगार स्त्रियांच्या सवलती आणि मुलींची वसतिगृहे यांचे ठराव तेथे झाले. त्याचबरोबर कायदेमंडळांत आणि इतर प्रातिनिधिक संस्थांत अस्पृश्य स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशी मागणीही ठरावाने करण्यात आली. म्हणजे घटनादुरुस्तीच्या पन्नास वर्षे अगोदर, ज्यांच्यापैकी बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी राखीव जागा मागितली होती. ही जागा त्यांच्यावर कुणी लादलेली नाही. ती त्यांच्या आज्यांनी मागितलेली, उशिरा आणि अर्धवट मिळालेली जागा आहे.

ही माहिती मराठी वाचकाला कुणी दिली? विद्यापीठीय इतिहासाने दिली नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघी गावोगाव, घरोघर गेल्या, चळवळीतील वृद्ध स्त्रियांना भेटल्या, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. या ग्रंथाचे महत्त्व माहितीच्या संकलनापुरते नाही. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात आणि १९३० पासूनच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रिया ‘सहभागी’ होत्या, एवढेच तो सांगत नाही. त्या स्त्रिया सभा बोलावत होत्या, वर्गणी गोळा करत होत्या, भाषणे करत होत्या, मंडळे चालवत होत्या, हे तो दाखवतो. सभा चालवणे, ठराव मांडणे, त्याला अनुमोदन देणे, हिशेब ठेवणे हाच ग्रामपंचायतीचा कारभार असतो. ही विद्या दलित स्त्रीने पंचायतीत जाण्यापूर्वी चळवळीत आत्मसात केली होती. चळवळ क्षीण झाली तेव्हा ती विद्या पुढच्या पिढीकडे पोचली नाही, आणि नेमक्या त्याच काळात खुर्ची आली. आजच्या सरपंचबाईच्या अडचणीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. विनोदी कथेला ते दिसत नाही, कारण तिच्या दृष्टीने बाईचे अज्ञान हा निसर्ग असतो.

(३)

आता आपल्या साहित्याकडे वळू. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. एक व्यथेच्या आणि दुसरी भाषेच्या. किती सोसले आणि कोणत्या बोलीत सांगितले, हे दोन प्रश्न आपण पुन्हा पुन्हा विचारले. या स्त्रिया नागरिक म्हणून कशा उभ्या राहिल्या, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. या कथनाचे वैशिष्ट्य असे की त्यातील ‘मी’ फार वेळा ‘आम्ही’ असते. समीक्षकांनी याला समूहनिष्ठ निवेदन म्हटले आणि ते पुढे गेले. पण हे ‘आम्ही’ कोठून आले? अंगात देवी येणाऱ्या, उपासमारीने गांजलेल्या, सासूच्या जाचात पिचलेल्या बायका बाबासाहेबांचे शब्द ऐकतात आणि मुलांना शाळेत धाडण्याचा निर्णय घेतात. हा निर्णय एकेकट्या घरात होत नाही, वस्तीत वाद घालून होतो. असा वाद घालणारी वस्ती हीच आपली पहिली ग्रामसभा होती, असे म्हणण्यास हरकत नाही. याच लेखिकेने आपले लेखन कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले, हेही विसरता येत नाही. वस्तीत बोलू शकणारी बाई घरात वही लपवते. सार्वजनिक आणि खाजगी यांतील हा ताण ‘सरपंचपती’ या शब्दाने समजणार नाही. तो ‘जिणं आमुचं’ वाचून समजतो.

शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ १९९० चे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनपासून रिपब्लिकन पक्षापर्यंत आयुष्य वेचलेल्या आणि विधान परिषदेत काम केलेल्या या नेत्याचे कथन आपण ‘दलित स्त्रीचे आत्मचरित्र’ म्हणून वाचतो. राजकीय आत्मचरित्र म्हणून वाचत नाही. पुरुष नेत्याचे आत्मचरित्र राजकारणाचा दस्तऐवज ठरते आणि स्त्री नेत्याचे मात्र सोसण्याचा, हा भेद आपल्याच समीक्षेने केलेला आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) तर शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, सभा-संमेलनांना जाणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या घरातून होणारा विरोध स्पष्टपणे येतो. हे घर सवर्णांचे नाही, आपले आहे. तेव्हा पुरुषसत्ता ही मनुस्मृतीबरोबर महाडला जळून गेली, असा भाबडा समज कुणी बाळगू नये.

दलित पुरुषांच्या लेखनात स्त्री येते ती प्रामुख्याने आई म्हणून. तिचे कष्ट, तिची माया, तिची विटंबना यांचे आपल्या साहित्यातील स्थान अढळ आहे आणि ते योग्यच आहे. पण आई ही प्रतिमा कितीही थोर असली तरी ती नागरिकाची प्रतिमा नाही. आईपुढे माथा टेकता येतो. तिच्याशी ठरावावर मतभेद करता येत नाही, तिच्याकडे हिशेब मागता येत नाही आणि तिला मतही मागता येत नाही. ज्या साहित्याने स्त्रीला फक्त वंदनीय केले, त्या साहित्याच्या वाचकाला खुर्चीवरची बाई परकी वाटते, यात नवल नाही.

(४)

‘सरपंचपती’ या शब्दाबद्दल आता थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २०२३ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने या प्रश्नावर समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. स्त्रीच्या नावाने परस्पर कारभार हाकणाऱ्यांना जरब बसेल अशी शिक्षा असावी, अशी शिफारस त्यात आहे. हेतूबद्दल वाद नाही. परंतु हा शब्द सगळ्या स्त्रियांना एकाच मापाने मोजतो.

बागायतदाराच्या घरातील स्त्री सरपंच झाली तर तिच्या मागे नवरा, सासरा, दीर असतो. सत्ता त्या घरातच असते. फक्त नाव बदलते. अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव झालेल्या पदावर भूमिहीन मजूर स्त्री बसते तेव्हा तिच्या मागे उभा असलेला माणूस बहुधा तिचा नवरा नसतो. तिचा नवराही त्याच माणसाच्या रानात राबत असतो. उमेदवारी कुणाला द्यायची, अर्जाचे पैसे कुणी भरायचे, उपसरपंच कोण होणार हे आधी वाड्यावर ठरलेले असते. निवडून आल्यावर धनादेशाच्या पुस्तकावर सही तिची असते आणि पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात असते.

आपल्या ग्रामीण बोलीत ‘मालक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बाई नवऱ्याला मालक म्हणते आणि ज्याच्या शेतात राबते त्यालाही मालक म्हणते. सवर्ण स्त्रीला एक मालक आहे; दलित स्त्रीला दोन आहेत. ‘सरपंचपती’ हा शब्द पहिल्या मालकाकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्याला अलगद लपवतो. उद्या पतीला शिक्षा करणारा कायदा झालाच, तर दलित वस्तीतील मजूर नवरा त्यात सहज सापडेल आणि वाड्यावरचा मालक पंच म्हणून साक्षीला उभा राहील. शब्दाची चिकित्सा करणे हा विद्वत्तेचा खेळ नव्हे, तो असा व्यवहाराचा प्रश्न आहे.

शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचा अनुभवही या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर तिने ग्रामपंचायतीत संपूर्ण स्त्रियांची पॅनेल उभी करण्याचे धाडस केले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा ही नावे त्यातून पुढे आली. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमात पुरुषांनी आपली काही जमीन पत्नीच्या नावावर करावी, असे आवाहन झाले. सत्तेला मालमत्तेचा आधार लागतो हे त्या चळवळीने ओळखले, याबद्दल तिला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु ज्या नवऱ्याच्या नावावरच गुंठाभर जमीन नाही, तो बायकोच्या नावावर काय करणार? शेतकरी स्त्रीच्या मुक्तीचा मार्ग सातबाऱ्यावरून जातो. मजूर दलित स्त्रीचा सातबाराच कोरा आहे.

(५)

बाबासाहेबांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अल्पसंख्य अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्वाचे संरक्षण नसेल तर पंचायतीच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी खेड्याचे केलेले वर्णन तर सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा आक्षेप विकेंद्रीकरणाला नव्हता. जातीच्या हाती सत्ता विकेंद्रित करण्याला होता.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. महार वतनासह कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आणि ग्रामपंचायत अधिनियमही १९५८ चाच. ज्या वर्षीच्या कायद्याने आपल्याला गावकीच्या चाकरीतून मोकळे केले, त्याच वर्षीच्या कायद्याने गावाचा नवा कारभार उभा केला. चावडीसमोरचे अंगण झाडणाऱ्या घराण्यातील बाई तिसऱ्या-चौथ्या पिढीत चावडीच्या आत खुर्चीवर बसते. तिच्या सहीला हसणाऱ्याने हे अंतर मोजून पाहावे.

आणि तिला खाली ओढण्याचे मार्गही कायद्यातच शोधले जातात. स्त्रीसाठी राखीव पदावरील स्त्री सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव संमत होण्यास तीन-चतुर्थांश बहुमताची अट घातलेली आहे. हे संरक्षण चांगलेच आहे. पण समोरचा दरवाजा बंद झाला की मागची वाट शोधली जाते, आणि ती अपात्रतेच्या तक्रारीची असते. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली तर पद जाते. मूल किती व्हावे हे ज्या घरात बाईला विचारले जात नाही, तेथे शिक्षा मात्र तिला होते. जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तरी पद जाते. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालण्याचे काम तिचे असते. सरकारी जागेवर अतिक्रमण असले तरी पद जाते, आणि कुटुंबाचे अतिक्रमणही त्यात धरले जाते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गायरानावर घर बांधण्यावाचून ज्यांना पर्याय नव्हता, ज्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांच्या लेकीसुनांना हा नियम सर्वांत आधी लागू पडतो.

जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या स्त्री सरपंचाचे प्रकरण याच स्वरूपाचे आहे. सासूसोबत ती सरकारी जागेवरील घरात राहते, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली आणि तिचे पद काढून घेण्यात आले. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे ती सांगत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले. निवडून आलेल्या स्त्रीचे नेतृत्व गावाला सहन झाले नाही, हेच या तक्रारीचे मूळ असल्याचे न्यायालयाने नोंदवले. या एका प्रकरणात जेवढे नाट्य आहे तेवढे सरपंचबाईवरच्या शंभर विनोदी कथांत सापडणार नाही. गावातून दिल्लीपर्यंत लढत गेलेली ही बाई बाहुली कशी? आणि पद टिकवण्यासाठी जिला दिल्ली गाठावी लागली, तिची ‘यशोगाथा’ तरी कोणत्या तोंडाने लिहायची?

(६)

मग लिहायचे काय आणि वाचायचे काय?

माझ्या मते आपल्या समीक्षेने ग्रामपंचायतीचे इतिवृत्त, ज्याला गाव ‘प्रोसिडिंग’ म्हणते, ते एक संहिता म्हणून वाचायला शिकले पाहिजे. ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो, खाली सह्या आणि अंगठे असतात. कोणत्या ठरावावर दलित सदस्य स्त्रीचे नाव सूचक म्हणून आले? की ती पाच वर्षे केवळ अनुमोदक राहिली? दलित वस्तीच्या निधीचा ठराव कुणी मांडला आणि ते काम प्रत्यक्षात कोणत्या आळीत झाले? नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सभा झाली, की ज्याला गाव अजून ग्रामसेवकच म्हणते त्या अधिकाऱ्याने वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे दप्तर मागता येते. मी शिकवते त्या वर्गात खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुली आहेत. कवितेतील प्रतीक त्यांना समजावून द्यावे लागते, पण ‘सह्या झाल्या, सभा झाली नाही’ या वाक्याचा अर्थ एकीलाही समजावून द्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठी राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च होतो, असे त्यात दिसून आले. आपले समीक्षक याला ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारतील. त्यांना आठवण दिली पाहिजे की आपल्या चळवळीचा आरंभच पाण्यापासून झाला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जो हक्क बजावला गेला, तोच हक्क वस्तीतील नळाच्या ठरावात असतो. सरपंचबाईने वस्तीत नळ आणला ही घटना आपल्या साहित्यात महाडच्या परंपरेत लिहिली गेली पाहिजे, गृहिणीच्या सोयीच्या परंपरेत नव्हे.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. १९९० नंतरच्या निवडणुकांत प्रथमच निवडून आलेल्या दलित स्त्रिया आज साठीच्या पुढे आहेत. काहीजणी पाच वर्षे गप्प बसल्या, काहीजणी भांडल्या, काहींनी मार खाल्ला, काहींनी मालकाच्या सांगण्यावरून आपल्याच वस्तीविरुद्ध सही केली. हे सगळे लिहिले गेले पाहिजे. तडजोडही लिहिली गेली पाहिजे, कारण तडजोड लपवणारे साहित्य पुन्हा यशोगाथाच होते. मून आणि पवार यांनी १९४२ च्या पिढीसाठी जे केले, ते या पिढीसाठी करणारे कुणीतरी हवे. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील अशा स्त्रियांची यादी करावी, विद्यार्थ्यांनी त्यांच्या शब्दांत त्यांचे अनुभव उतरवून घ्यावेत, शिक्षकांनी त्याला अभ्यासाचा दर्जा द्यावा. शोधनिबंधासाठी विषय सापडत नाही अशी तक्रार आपण प्राध्यापक मंडळी नेहमी करतो. विषय आपल्या गावच्या चावडीत, लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधून ठेवलेला आहे.